इंग्रजी वाक्प्रचारांचे अर्थांतर

शब्द तेच राहतात, त्यांचा क्रमही बहुधा तोच राहतो, पण काही पिढ्यांनंतर त्यांतून निघणारा अर्थ वेगळा, कधी तर अगदी उलटा होतो. इंग्रजीतील अनेक रुळलेल्या वाक्प्रचारांचे व म्हणींचे असे झाले आहे. एकट्या शब्दाचा अर्थ पालटणे ही कोणत्याही भाषेतली नित्याची गोष्ट आहे. ‘नाइस’ हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ मूर्ख असा होता आणि ‘सिली’ म्हणजे एकेकाळी धन्य, पुण्यवान. वाक्प्रचाराची गोष्ट थोडी निराळी आहे. तो सबंधच्या सबंध पाठ होतो. त्यातला एखादा शब्द बोलण्यातून केव्हाच गेलेला असतो, किंवा ज्या न्यायालयात, प्रार्थनाघरात, तर्कशास्त्राच्या वर्गात तो जन्मला तिथले व्यवहार लोक विसरलेले असतात, तरी तो तोंडी टिकून राहतो. मग ऐकणारा त्याला आपल्या काळाचा अर्थ लावतो. अर्थांतराच्या बहुतेक उदाहरणांमागे हेच कारण सापडते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मराठीतही येऊन बसले आहे. ‘अपवादाने नियम सिद्ध होतो’ हे वाक्य आपण सहज वापरतो. ते ‘द एक्सेप्शन प्रूव्ज द रूल’ या इंग्रजी म्हणीचे भाषांतर आहे. आज दोन्ही भाषांत त्याचा उपयोग बहुधा वाद मिटवण्यासाठी होतो. आपल्या विधानाला छेद देणारे उदाहरण समोरच्याने दाखवले, की ‘तो अपवाद आहे, आणि अपवादानेच नियम सिद्ध होतो’ असे म्हणून सुटका करून घ्यायची. नियमाविरुद्धचा पुरावा नियमाच्याच बाजूचा कसा ठरतो, हा प्रश्न कोणी विचारत नाही. मूळ म्हण इतकी अतार्किक नव्हती. ती 17व्या शतकातील इंग्रज कायदेपंडितांच्या लॅटिन सूत्रातून आली. त्या सूत्राचा आशय असा की, अपवाद केल्याने, जी प्रकरणे अपवादात घातलेली नाहीत त्यांच्यापुरता नियम सिद्ध होतो. यामागचा युक्तिवाद आणखी जुना, इ. स. पू. 56 मधला. बाल्बस या मूळच्या परदेशी गृहस्थाला मिळालेले रोमन नागरिकत्व बेकायदा आहे, असा खटला त्याच्यावर भरण्यात आला होता. काही जमातींशी झालेल्या तहांत ‘यांच्यापैकी कोणाला रोमन नागरिक करू नये’ असे कलम होते, त्याचा आधार वादी पक्षाने घेतला. बचावाला उभ्या राहिलेल्या सिसेरो या रोमन वक्त्याने तेच कलम उलटवले. काही तहांत मनाई मुद्दाम लिहावी लागली, त्या अर्थी जिथे ती लिहिलेली नाही तिथे परवानगी आहेच, असे त्याने मांडले.

दारावर ‘सोमवारी बंद’ अशी पाटी असलेले केशकर्तनालय इतर सहा दिवस उघडे असते, हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. पाटीवर फक्त अपवाद असतो, नियम आपोआप कळतो. म्हणीचा खरा अर्थ एवढाच आणि तो पूर्णपणे तर्कशुद्ध आहे. ‘प्रूव्ह’ या शब्दाचा जुना अर्थ ‘कसोटीला लावणे’ असा होता, म्हणून म्हणीचा आशय ‘अपवादाने नियमाची परीक्षा होते’ असा आहे, हे स्पष्टीकरण पुष्कळदा दिले जाते. ‘पुडिंगची परीक्षा खाण्यात’ या इंग्रजी म्हणीला ते लागू पडते. इथे मात्र लॅटिन सूत्रातला ‘अपवादात न घातलेल्या प्रकरणांत’ हा तुकडा त्याच्या आड येतो. तो तुकडा गळला आणि म्हण मोकाट सुटली, असे म्हणणे अधिक योग्य. संस्कृत व्याकरण शिकलेल्याला हा विचार ओळखीचा वाटेल. मूळच्या महाराष्ट्रीय काळे घराण्यातल्या, काशीत राहिलेल्या नागेशभट्टांच्या ‘परिभाषेंदुशेखर’ या ग्रंथात एक परिभाषा, म्हणजे व्याकरणाची सूत्रे कशी लावावीत हे सांगणारा नियम, आहे: आधी अपवादाचा प्रदेश बाजूला काढावा, मग उरलेल्या ठिकाणी उत्सर्ग, म्हणजे सामान्य नियम, लागू होतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या फ्रान्झ कीलहॉर्न यांनी हा ग्रंथ 1868 ते 1874 या काळात मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेतून संपादून इंग्रजीत आणला. इंग्रजीतून उसन्या आणलेल्या बिघडलेल्या म्हणीपेक्षा ही घरची परिभाषा कितीतरी नेमकी आहे.

‘बेग द क्वेश्चन’ची वाटचालही अशीच तर्कशास्त्राच्या वर्गातून रस्त्यावर झाली. जे सिद्ध करायचे तेच वादाच्या आरंभी गृहीत धरणे, हा दोष ॲरिस्टॉटलने सांगितला होता. ग्रीक वादसभेत एक जण प्रश्न विचारी आणि प्रतिवाद्याकडून एकेक गोष्ट मान्य करून घेई. मूळ मुद्दाच ‘मान्य करून टाका’ म्हणून मागणे हा तिथे नियमभंग होता. ग्रीकमधून लॅटिनमध्ये आणि 16व्या शतकात लॅटिनमधून इंग्रजीत येताना ‘मागणे’ याला ‘भीक मागणे’ या अर्थाचा शब्द मिळाला. वादसभा गेल्यावर कोण कोणाकडे काय मागतो, हे कळेनासे झाले. आज बहुसंख्य लोक ‘यातून असा प्रश्न उपस्थित होतो’ एवढ्याच अर्थाने हे शब्द वापरतात. आपल्या न्यायदर्शनात ‘साध्यसम’ नावाचा हेत्वाभास, म्हणजे युक्तिवादातला दोष, याच्या जवळचा आहे: जो हेतू पुढे केला तोच साध्याइतका असिद्ध. त्या संज्ञेला असा प्रवास घडला नाही, कारण ती शास्त्राबाहेर फारशी पडलीच नाही.

‘मूट पॉइंट’ मात्र बाहेर पडला. ‘मूट’ म्हणजे अँग्लो-सॅक्सन काळातली सभा. पुढे लंडनच्या वकिली शिक्षणसंस्थांत विद्यार्थी ज्या कल्पित खटल्यावर वाद घालत त्याला हे नाव पडले. मुंबई-पुण्याच्या विधी महाविद्यालयांतले विद्यार्थी आजही ‘मूट’ करतात ते हेच. म्हणजे ‘मूट पॉइंट’ हा वाद घालण्याजोगा मुद्दा. पण कल्पित खटल्याच्या निकालाने कोणाचे काही बिघडत नाही, हेही खरे. अमेरिकेत याच बाजूवर भर पडला आणि ‘आता ज्याला काही अर्थ उरला नाही असा मुद्दा’ हा अर्थ रूढ झाला. एकाच भाषेतले दोन जण हा शब्द वापरून परस्परविरुद्ध बोलू शकतात.

काही म्हणींत सारी उलथापालथ एका शब्दामुळे होते. ‘वन मॅन्ज मीट इज अनदर मॅन्ज पॉयझन’ या म्हणीचा मांसाशी संबंध नाही. तिचे मूळ ल्युक्रीशियस या रोमन कवीपर्यंत जाते, आणि तिथे शब्द आहे तो ‘अन्न’ या अर्थाचा. इंग्रजीतही ‘मीट’ म्हणजे कोणतेही खाणे. 1611 च्या इंग्रजी बायबलात, उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात, देव माणसाला बीज देणाऱ्या वनस्पती आणि फळे ‘मीट’ म्हणून देतो. या जुन्या अर्थाचा अवशेष आपल्याकडे मिठाईच्या दुकानांच्या पाट्यांवर ‘स्वीटमीट’ म्हणून दिसतो. पेढे-बर्फीच्या शुद्ध शाकाहारी दुकानावर हा शब्द विसंगत वाटतो खरा, पण तो चुकलेला नाही, फार जुना आहे. ‘केअर किल्ड द कॅट’ या म्हणीत ‘केअर’ म्हणजे चिंता, दुःख. 1598 च्या सुमारास बेन जॉन्सन आणि शेक्सपिअर दोघांच्याही नाटकांत ती या रूपात येते. चिंता मांजरालासुद्धा मारते, असा तिचा सांगावा होता. नंतर चिंतेची जागा ‘क्युरिऑसिटी’ने घेतली आणि मनाला धीर देणारी म्हण चौकस पोरांना दटावणारी झाली.

‘बाय अँड बाय’ची कथा मला सर्वांत माणसासारखी वाटते. 1611 च्याच बायबलात, मार्कच्या सहाव्या अध्यायात, हेरोदियाची मुलगी राजाकडे योहानाचे शिर ‘बाय अँड बाय’ मागते, म्हणजे आत्ताच्या आत्ता. आजच्या वाचकाला वाटेल, तिला ते सवडीने चालणार होते. ‘सून’ आणि ‘प्रेझेंटली’ यांचाही अर्थ एकेकाळी ‘ताबडतोब’ असाच होता. ‘लगेच करतो’ म्हणायचे आणि वेळ लावायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या चालले की शब्दालाच ती दिरंगाई चिकटते. आपले ‘आलोच’ ऐकून स्वयंपाकघरातली आई जो अंदाज बांधते, तो याच जातीचा.

शेक्सपिअरच्या नाटकांतून निघालेल्या वाक्प्रचारांची यादी मोठी आहे. पण ‘हॅम्लेट’च्या पहिल्या अंकातले एकच वाक्य पुरेसे बोलके आहे, कारण त्यातून दोन अर्थांतरे झाली. राजाच्या मद्यपानाच्या वेळी नगारे-तुताऱ्या वाजवण्याच्या रिवाजाबद्दल हॅम्लेट म्हणतो, की मी इथलाच, या रीतीतच जन्मलेला असलो तरी हा रिवाज पाळण्यापेक्षा मोडण्यातच अधिक सन्मान आहे. ही नैतिक भूमिका आहे. आज तेच शब्द ‘पाळण्यापेक्षा अधिक वेळा मोडला जाणारा नियम’ अशी तक्रार करायला वापरतात, आणि भारतीय इंग्रजी अग्रलेखांतही ते याच अर्थाने येतात. त्याच वाक्यातल्या ‘मॅनर’, म्हणजे रीत, या शब्दाच्या जागी उच्चारसाम्याने दुसरा ‘मॅनर’, म्हणजे जमीनदाराचा वाडा, येऊन बसला आणि रीतीत जन्मलेला माणूस श्रीमंत घराण्यात जन्मलेला ठरला.

विनोदातून आलेल्या वाक्प्रचारांचे आयुष्य आणखी नाजूक असते. 9 नोव्हेंबर 1895 च्या ‘पंच’ साप्ताहिकात जॉर्ज द्यु मॉरिए यांचे एक चित्र आले. बिशपच्या घरी न्याहारीला बसलेल्या गरीब उपधर्मगुरूच्या वाट्याला नासके अंडे आले आहे. यजमानाने ते ओळखल्यावर तो घाईघाईने सांगतो, की नाही, याचे काही भाग उत्तम आहेत. नासलेले अंडे अर्धे चांगले असूच शकत नाही, सगळी गंमत त्या लाचार भिडेत आहे. पुढे चित्र विसरले गेले आणि ‘क्युरेट्स एग’ म्हणजे थोडे चांगले, थोडे वाईट असे काहीही, हा सपक अर्थ उरला. स्वतःच्या बुटांचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलणे, हीसुद्धा 19व्या शतकातल्या अमेरिकेत अशक्यतेची थट्टा होती. 1888 च्या एका अमेरिकन पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात, माणसाला असे का उचलता येत नाही, हा प्रश्नच विचारला आहे. 20व्या शतकात तेच शब्द स्वकष्टाने वर येण्याचा उपदेश करू लागले. संगणकाने मात्र मूळ कल्पनेशी इमान राखले: जो प्रोग्रॅम चढवायला आधी प्रोग्रॅमच हवा, तो चढवण्याच्या युक्तीला ‘बूटस्ट्रॅप’ म्हणू लागले, आणि त्यातूनच आपला ‘कॉम्प्युटर बूट होणे’ आला. ‘स्टीप लर्निंग कर्व्ह’मध्ये आलेख विसरून घाट दिसू लागला. आडव्या अक्षावर सराव आणि उभ्यावर कौशल्य घेतले, तर चढी रेषा म्हणजे झटपट शिकणे. लोकांना मात्र ती दमवणारी चढण वाटते.

या विषयाला एक रोगही लागला आहे: खोटे ‘मूळ अर्थ’. ‘ब्लड इज थिकर दॅन वॉटर’ याचे मूळ रूप ‘कराराचे रक्त गर्भजलापेक्षा घट्ट’ असे होते, हे हल्ली ठासून सांगितले जाते. त्याला जुना लेखी आधार नाही. 18व्या शतकातल्या स्कॉटिश संग्रहात ही म्हण आजच्याच, रक्ताच्या नात्याच्या, रूपात आहे. ‘रूल ऑफ थंब’चा बायकोला मारायच्या काठीच्या जाडीशी जोडलेला संबंधही असाच निराधार. 17व्या शतकापासून त्याचा अर्थ ढोबळ अंदाज असाच आहे. यावर खात्रीचा उपाय एकच, तारीखवार लेखी दाखले पाहणे. जेम्स मरे यांच्या संपादनाखाली 1884 मध्ये ज्याचा पहिला भाग निघाला आणि 1928 मध्ये जो पूर्ण झाला, तो ऑक्सफर्डचा थोर कोश याच पद्धतीने, हजारो स्वयंसेवकांनी पाठवलेल्या दाखल्यांच्या चिठ्ठ्यांवर उभा राहिला.

वाक्प्रचार समुद्र ओलांडतो तेव्हा कधी उलट घडते: मायदेशी तो मावळतो आणि परक्या भूमीत तगतो. ‘डू द नीडफुल’ एके काळी ब्रिटनमध्ये सरळ प्रचारात होता. तिथे तो जुनाट झाला, पण भारतातल्या कचेऱ्यांत ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’च्या जोडीने अजून रोज लिहिला जातो. ‘आउट ऑफ स्टेशन’मधले स्टेशन रेल्वेचे नव्हे. कंपनी सरकारच्या काळात साहेबाची नेमणूक जिथे असे ते ठाणे म्हणजे स्टेशन. ठाणी गेली, साहेब गेले, तरी चार दिवस गावाला गेलेला पुण्याचा कारकून आजही ‘आउट ऑफ स्टेशन’ असतो.