मारुती ८००ची रोडस्टर करायची असेल तर टप कापून आणू नका

मारुती ८००चा टप, म्हणजे छत, काढून आमच्या गॅरेजमध्ये आम्ही तिची उघडी गाडी, म्हणजे रोडस्टर, बनवतो. फोनवर रोज हेच बोलणं होतं म्हणून लिहून ठेवतोय. "टप आमच्या इथल्या डेंटरकडून कापून घेतो, तेवढाच खर्च वाचेल" असं बरेच जण म्हणतात आणि गाडी टेम्पोत घालून येते तेव्हा तिचे दरवाजे लागत नसतात. जीपला टप नसतो तरी चालते ना, असंही विचारतात. जीपची चासी, म्हणजे खालची लोखंडी फ्रेम, वेगळी असते हो, ८००ला चासीच नाही, बॉडीच सगळा भार घेते. टप, पिलर (टप धरणारे खांब), फ्लोअर, रनिंग बोर्ड (दरवाजाखालची पट्टी) मिळून बंद खोका होतो आणि ताकद त्यात असते. काडेपेटीच्या कव्हरची एक बाजू कापून पिळून बघा, लगेच कळेल. टप गेला की गाडी मधोमध बसते, दरवाजाचा वरचा गॅप मिटतो, आणि तशातच कोणी वेल्डिंग मारलं तर वाकडेपणा कायमचा. मग ते सगळं तोडून गाडी सरळ करण्यातच आमचा वेळ जातो आणि पैसे तुमचे.

आम्ही आधी गाडी लेव्हलला घेतो, दरवाजांचे गॅप मोजतो, दोन्ही बाजूंच्या दरवाजांच्या जागी पुढच्या पिलरपासून मागच्या पिलरपर्यंत पाइप वेल्ड करतो, रनिंग बोर्डच्या आत बॉक्स चॅनल, सीटमागे आणि डॅशबोर्डखाली आडवा सपोर्ट, आणि मगच कटर हातात घेतो. लोकांना वाटतं उगाच वेळ काढतात, पण खड्ड्यात गेल्यावर काच तडकू नये म्हणूनच हे आहे. टप काढून गाडी हलकी होईल ही आशा ठेवू नका, गेलेल्या पत्र्याची जागा हे लोखंड भरून काढतं, इंजिन तेच ७९६ सीसीचं.

आरटीओचं स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दलचं) आणि त्यावरचा सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९चा निकाल बघता अशी गाडी रोडवर चालत नाही. आम्ही फार्महाउस, रिसॉर्ट, शूटिंग अशा खाजगी जागेसाठीच बनवतो, पास करून देतो म्हणणाऱ्याला अ‍ॅडव्हान्स देऊ नका.

गाडी अजून घेतली नसेल तर सौदा करायच्या आधी रनिंग बोर्ड आणि फ्लोअरचे खालून काढलेले फोटो व्हॉट्सअ‍ॅप करा, बघायचे पैसे घेत नाही. समुद्राकाठच्या गाडीचा पत्रा तर नक्की दाखवा. रंग उडालेला चालेल, इंजिन बंद असलं तरी चालेल, पण खालचा पत्रा सडलेला नको, आणि मूळ दरवाजे भंगारात देऊ नका, तेच परत बसवायचे असतात.