बेडूक तोंडानं पाणी पीत नाही

हल्ली एक व्हिडिओ सारखा समोर येतो. हिरवागार, गुबगुबीत वृक्षबेडूक कुणाच्या तरी तळहातावर बसलाय आणि तो माणूस ड्रॉपरनं त्याच्या तोंडावर पाण्याचे थेंब सोडतोय. बेडूक डोळे मिटतो आणि बघणारे हळहळतात, ‘किती तहानलेला होता बिचारा!’ माणसाचा हेतू चांगलाच असणार. पण बेडूक तोंडानं पाणी पीत नाही. त्याची तहान भागते ती पोटाच्या कातडीतून. हे ज्याला ठाऊक नाही त्यानं उष्णकटिबंधातला वृक्षबेडूक घरी आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण त्याला सांभाळायचं म्हणजे मुख्यतः त्याची कातडी सांभाळायची.

त्याचं खरं पिणं बघायचं तर दिवे मालवून टँकसमोर बसावं लागतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीतला व्हाइट्स ट्री फ्रॉग घ्या. नवख्यांना बहुतेक वेळा हाच सुचवला जातो. दिवसभर तो हातपाय अंगाखाली दुमडून, पोट फांदीला घट्ट टेकवून बसतो. पाणी ओढणारी कातडी हवेला उघडी पडली तर तिथूनच पाणी उडूनही जाईल, म्हणून ही बैठक. अंधार पडला की सावकाश खाली उतरतो. बोटांच्या टोकांवरच्या गोल चकत्या काचेवरून कडेकडेनं सुटत जातात, चिकटलेलं लेबल एका कोपऱ्यातून सोलावं तशा. मग तो पसरट भांड्यात शिरतो, मागचे पाय फाकवतो आणि ओटीपोट पाण्यात टेकवून निश्चल होतो. तोंड पाण्याच्या वरच. आपल्याला वाटतं स्वारी आराम करतेय. ती पाणी पीत असते.

हे पहिल्यांदा नीट दाखवलं रॉबर्ट टाउनसन या इंग्रज निसर्गअभ्यासकानं, १७९० च्या दशकात, तेही स्वतः पाळलेल्या वृक्षबेडकांवरून. ओल्या टिपकागदावर पोट टेकून बसलेल्या बेडकाचं वजन वाढतं, हे त्यानं तोलून पाहिलं.

शाळेत शिकलेलं परासरण आठवत असेल. अर्धपारगम्य पडद्यातून पाणी कमी क्षारांच्या बाजूकडून जास्त क्षारांच्या बाजूकडे जातं. बेडकाचं रक्त भांड्यातल्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट, त्यामुळे पाण्याचा ओढा आतच. पण तहानलेला बेडूक आणि तहान भागलेला बेडूक एकाच वेगानं पाणी ओढत नाहीत. मला सगळ्यात आवडतो तो हा भाग. ओटीपोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीतल्या पेशींत ॲक्वापोरिन नावाची नळीसारखी प्रथिनं असतात. पाण्याचे रेणू एकामागून एक, ओळीनं जातील एवढीच अरुंद ही नळी. ॲक्वापोरिनच्या शोधाबद्दल पीटर ॲग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. अंगातलं पाणी कमी झालं की पिट्युटरी ग्रंथीतून व्हॅसोटोसिन हे संप्रेरक रक्तात उतरतं, पेशीवरच्या ग्राहीला जाऊन चिकटतं, पेशीत सीएएमपी या रेणूचं प्रमाण वाढतं, आणि तोवर आतल्या सूक्ष्म पिशव्यांत बंद असलेली ॲक्वापोरिन पेशीच्या बाहेरच्या पटलात येऊन बसतात. पाण्याला दारं उघडतात. गरज सरली की ती पुन्हा आत ओढली जातात. आपल्या मूत्रपिंडात व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक नेमकं हेच करतं. आपण पोटात खोलवर जे काम करतो ते बेडूक उघड्या अंगावर करतो!

आत आलेलं जादा पाणी मूत्राशयात साठतं आणि लागेल तेव्हा तिथून परत रक्तात घेतलं जातं. हातात धरताच बेडूक मुततो तेव्हा ही सगळी शिदोरीच सांडते.

क्षारांचीही सोय याच कातडीत आहे. डेन्मार्कच्या हान्स उसिंग यांनी १९५१ मध्ये बेडकाच्या कातडीच्या दोन्ही बाजूंना सारखंच खारं द्रावण ठेवलं, दोन्ही बाजूंमधला विद्युतदाब शून्यावर आणला, तरीही सोडियम आतल्या बाजूला जातच राहिला. म्हणजे कातडी ऊर्जा खर्चून मीठ ओढते.

आता भांड्यातल्या पाण्याकडे बघा. नळाच्या पाण्यातला क्लोरीन थेट या कातडीला भिडतो. पाणी दिवसभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडतो, पण क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, उडत नाही. त्यासाठी क्लोरामाइनवरही चालणारं वॉटर कंडिशनर वापरावंच लागतं. ऊर्ध्वपातित पाणी ‘सगळ्यात शुद्ध’ म्हणून देऊ नये, त्यात क्षारच नसतात. आणि बेडूक ज्या भांड्यात पितो त्यातच विष्ठाही करतो. त्या घाणीतला अमोनिया पुन्हा त्याच्याच अंगात जातो, म्हणून पाणी रोजच्या रोज बदलायचं.

बेडकाला हात लावला की चामखीळ येते, ही समजूत साफ खोटी आहे. चामखीळ पॅपिलोमा विषाणूमुळे येते आणि तो माणसाकडून माणसाकडे जातो. आपल्या हातावरचा साबण, क्रीम, घामातलं मीठ यांचा त्रास बेडकालाच जास्त. उचलणं टळतच नसेल तर पावडर नसलेले, पाण्यानं धुतलेले ओले हातमोजे घालावेत. बेडकाकडून साल्मोनेला जिवाणू मात्र येऊ शकतो, तेव्हा टँकमध्ये हात घातल्यावर ते स्वच्छ धुवावेत.

या कातडीवरच घाला घालणारी बुरशी म्हणजे कायट्रिड. तिला १९९९ मध्ये शास्त्रीय नाव मिळालं. ती बेडकाला मारते कशी, ते २००९ मध्ये याच व्हाइट्स ट्री फ्रॉगवरच्या अभ्यासातून उलगडलं. कातडीचं मीठ ओढणं मंदावतं, रक्तातला सोडियम आणि पोटॅशियम घसरतो आणि हृदय थांबतं. २०१९ च्या आढाव्यानुसार उभयचरांच्या किमान ५०१ जातींची संख्या या बुरशीमुळे घटली आणि त्यातल्या ९० जाती बहुधा नामशेष झाल्या. बेडकांच्या व्यापारातून ती जगभर पसरली. म्हणून टँकमधलं पाणी ओढ्यात किंवा तळ्यात ओतू नका, आणि कंटाळा आला म्हणून बेडूक बाहेर सोडून देऊ नका.

खाण्याचं थोडक्यात. रातकिड्यांत फॉस्फरसच्या मानानं कॅल्शियम फार कमी असतं. त्यावर कॅल्शियम आणि डी-३ जीवनसत्त्वाची पूड भुरभुरली नाही तर बेडकाची हाडं मऊ पडतात. हा प्राणी पंधरा-वीस वर्षं जगू शकतो, हेही आणण्यापूर्वीच लक्षात घ्या. आणि तो जंगलातून पकडलेला नव्हे, पैदास केलेलाच हवा. लाल डोळ्यांच्या वृक्षबेडकाचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१० पासून साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित आहे.

‘उष्णकटिबंध’ म्हटलं की काही जण टँक सतत चिंब ठेवतात. कोंदट, हवा न खेळणाऱ्या टँकमध्ये कातडीला जिवाणूंचा संसर्ग होतो. व्हाइट्स ट्री फ्रॉगला तर कोरडे दिवस काढायची चांगलीच सवय असते. उत्तर ऑस्ट्रेलियात कोरड्या हंगामातल्या गार रात्री तो झाडाच्या ढोलीतून बाहेर येऊन बसतो, अंग थंड करून घेतो आणि पुन्हा उबदार, दमट ढोलीत शिरतो. थंड बाटली बाहेर काढल्यावर तिला घाम फुटावा तसं त्याच्या अंगावर दव जमतं, आणि तो ते कातडीनं पितो.