श्वानांतील ऊतक-सुसंगती आणि प्रतिरोपण-सहिष्णुता

एका कुत्र्याचे ऊतक दुसऱ्याच्या शरीरात टिकेल की नाकारले जाईल, हे मुख्यतः श्वान-श्वेतपेशी-प्रतिजन (डीएलए; प्रतिजन म्हणजे पेशीवरील ओळखखूण) या जनुकसमूहावर ठरते. हा समूह बहुतांशी १२ व्या गुणसूत्रावर असतो. सख्ख्या भावंडांत तो तंतोतंत जुळण्याची शक्यता सुमारे २५ टक्के धरतात. मात्र भटक्या कुत्रीच्या एका वेतातही पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. नाशिकच्या गोदाघाटावरील पिल्लांना हा हिशेब सरसकट लावता येणार नाही. नाशिकच्या द्राक्षबागांत डॉगरिज जातीच्या खुंटावर थॉमसन सीडलेस या दुसऱ्या जातीची कलम केलेली काडी जीव धरते, तसे प्राण्यांत होत नाही, कारण लसीकापेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या श्वेतपेशी) परके प्रतिजन ओळखून रोपित ऊतकाचा नाश करतात.

व्हिएन्ना येथे एमेरिश उलमन यांनी १९०२ मध्ये कुत्र्याचे मूत्रपिंड त्याच्याच मानेत जोडून कार्यरत केले. अस्थिमज्जा-प्रतिरोपणाचा पाया डॉनल टॉमस (नोबेल पारितोषिक, १९९०) व रायनर स्टॉर्ब यांच्या श्वानांवरील प्रयोगांनी घातला. डीएलए जुळणाऱ्या भावंडांत २ ग्रे (किरणमात्रेचे एकक) इतके सौम्य किरणन आणि मज्जारोपणानंतर सायक्लोस्पोरिन व मायकोफिनोलेट या प्रतिरक्षा दडपणाऱ्या औषधांचा अल्पकालीन वापर केल्यास दाता व ग्राही या दोघांच्याही रक्तपेशी एकत्र नांदतात. अशा श्वानांनी पुढे त्याच दात्याचे मूत्रपिंड प्रतिरक्षा दडपणाऱ्या औषधांविना स्वीकारले. सहिष्णुतेचा याहून स्वच्छ पुरावा क्वचितच मिळेल.

निसर्गात मात्र डीएलए न जुळताही परके ऊतक रुजते. भटक्या कुत्र्यांतील संक्रामक लैंगिक अर्बुद (कर्करोगाची गाठ) हे विषाणूमुळे होत नाही. समागमातून, चाटण्या-हुंगण्यातून जिवंत अर्बुदपेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जातात. रशियन पशुवैद्य नोव्हिन्स्की यांनी १८७६ च्या सुमारास ते प्रयोगाने एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखवले. जगभरचे नमुने एकाच आद्य प्राण्याचे वंशज आहेत, याविषयी आता दुमत नाही. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रे असतात, या अर्बुदात ती ५७ ते ६४ आढळतात.

उगमकाळ मात्र वादग्रस्त आहे. २००६ मधील विश्लेषणाने तो गेल्या अडीच हजार वर्षांतला मानला. २०१४ मध्ये संपूर्ण जीनोमवरून (पेशीतील सर्व डीएनएवरून) सुमारे ११,००० वर्षे हा आकडा पुढे आला, तर २०१९ मध्ये पाचशेहून अधिक नमुन्यांवरून ४,००० ते ८,५०० वर्षांपूर्वीचा आशियाई उगम सुचवला गेला. ही सारी गणिते उत्परिवर्तनाच्या गृहीत वेगावर उभी आहेत. तंतुकणिकांतील (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातील) डीएनएचा आधार घेणेही धोक्याचे, कारण हे अर्बुद यजमानाच्या तंतुकणिका वेळोवेळी आत्मसात करते. नमुन्यांची व्याप्ती पाहता २०१९ चे अनुमान अधिक ग्राह्य वाटते.

वाढीच्या अवस्थेत अर्बुदपेशी डीएलए प्रतिजन जवळजवळ दाखवतच नाहीत. ते पुन्हा प्रकट झाले की अर्बुद ओसरू लागते आणि त्या कुत्र्याला सहसा पुन्हा लागण होत नाही. उपचारात व्हिन्क्रिस्टीन हे कर्करोगविरोधी औषध शिरेतून आठवड्याला एकदा, काही आठवडे देतात.

रक्तसंक्रमणात डीईए १ (लाल रक्तपेशींवरील प्रतिजनावरून ठरणारा) हा रक्तगट महत्त्वाचा आहे. त्याविरुद्ध नैसर्गिक प्रतिपिंडे सहसा नसल्याने पहिले रक्त बहुधा निभावते. त्यानंतर प्रत्येक वेळी जुळणी-चाचणी आवश्यक असते.