मध्यकर्णातील द्रवसंचय (बालवयातील)

कानाच्या पडद्यामागच्या हवेच्या पोकळीत, तीव्र जंतुसंसर्गाची लक्षणे नसताना, पातळ किंवा चिकट द्रव साठून राहणे. शाळेत जाण्याच्या वयापूर्वी सुमारे ९० टक्के मुलांना हा विकार एकदा तरी होऊन जातो, बहुतेकांना सहा महिने ते चार वर्षांच्या दरम्यान. ताप नसतो, कान ठणकत नाही, वाहतही नाही. त्यामुळे घरात पुष्कळदा कुणाला पत्ताच लागत नाही.

मध्यकर्णात हवा येते ती नाकाच्या मागच्या भागातून निघणाऱ्या कंठकर्णनलिकेने. लहान मुलांत ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दीने ती मिटली की आतली हवा शोषली जाते, दाब उतरतो आणि अस्तरातून द्रव पाझरतो. कानाचा तीव्र संसर्ग बरा झाल्यावरही पाणी मागे राहू शकते. घरातल्या विडी-सिगारेटच्या धुराने हा धोका वाढतो.

ऐकू येणे सरासरी २५ डेसिबलच्या आसपास मंदावते. समोरचे बोलणे कळते, पण शेजारच्या खोलीतली हाक निसटते. अशा मुलाला ‘लक्षच देत नाही’ म्हणून रागावणे हा त्याच्यावर अन्यायच आहे.

कानाच्या संसर्गानंतर उरलेले पाणी तीन महिन्यांत ७५ ते ९० टक्के मुलांत आपोआप ओसरते. ३० ते ४० टक्के मुलांना द्रवसंचय पुन्हा होतो. ५ ते १० टक्के वेळा तो वर्षभर किंवा त्याहून अधिक टिकतो. म्हणूनच तीन महिने वाट पाहणे हाच पहिला उपचार. प्रतिजैविके, सर्दीची औषधे, स्टेरॉइड यांचा टिकाऊ उपयोग होत नाही. आपल्याकडे कानात कोमट तेल सोडतात. पडदा धड असेल तर ते या पाण्यापर्यंत पोचतच नाही.

वाट पाहताना मुलाकडे लक्ष मात्र हवे. तीन महिन्यांनंतरही पाणी असेल तर श्रवणचाचणी करावी. टिंपॅनोमेट्रीत पडद्याची हालचाल मोजतात. पाणी असेल तर आलेख सपाट येतो. बोलणे उशिरा आलेली, टाळू दुभंगलेली किंवा डाउन सिंड्रोम असलेली मुले तज्ज्ञाला लवकर दाखवावीत. द्रव हटत नसेल आणि ऐकू कमी येत असेल, तर पडद्याला छेद देऊन ग्रॉमेट ही इवली नळी बसवतात. बहुधा वर्ष-दीड वर्षात ती आपणहून गळून पडते. चार वर्षांपुढच्या मुलांत कधी कधी अ‍ॅडेनॉइड ही नाकामागची गाठही काढतात.