माळरानावर ड्रोनला सगळंच दिसतं?
माळरान मोकळं, झाडांचा आडोसा नाही, म्हणजे ड्रोन उडवला की एकूण एक प्राणी मोजला जातो, असा समज असतो. तसं होत नाही. ड्रोनवरच्या थर्मल, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात प्राणी उठून दिसतो तो भोवतालच्या तापमानाशी असलेल्या फरकामुळे. भर दुपारी जमीन आणि दगड प्राण्याच्या अंगाइतकेच तापतात, मग हरीण चित्रात हरवून जातं. म्हणून अशी उड्डाणं शक्यतो रात्री किंवा पहाटे करतात. बिळातला कोल्हा तेव्हाही सुटतोच. चित्रांतले प्राणी ओळखून मोजणाऱ्या एआयचं म्हणाल तर ते शिकवलेल्या फोटोंपुरतंच हुशार. वारुळालाही प्राणी समजू शकतं, त्यामुळे आकडे माणसाला तपासावे लागतात. आणि ड्रोन फार खाली आणला तर कळप उधळतो, तेच प्राणी दोनदा मोजले जाऊ शकतात!