कोपऱ्यातलं नोटिफिकेशन आणि मधोमध उभा राहणारा डायलॉग

संगणकावर काम करताना दोन तऱ्हेचे निरोप येतात. एक पडद्याच्या कोपऱ्यात सरकत येतो, चार-पाच सेकंद थांबतो आणि निघून जातो. दुसरा थेट मधोमध उभा राहतो आणि ‘ओके’ किंवा ‘कॅन्सल’ दाबल्याशिवाय हलत नाही. पहिलं नोटिफिकेशन, दुसरा डायलॉग. वापरणारा दोन्हींना ‘मेसेज आला’ म्हणतो आणि त्यात काही बिघडत नाही. पण सॉफ्टवेअर बनवणारेसुद्धा या दोघांची सर्रास गल्लत करतात, आणि त्याचा भुर्दंड वापरणाऱ्याला पडतो.

या क्षेत्रात एक समज पक्का बसलेला आहे: नवख्या माणसाला डायलॉग दाखवा, म्हणजे त्याचं लक्ष जाईल. जाणकाराला नोटिफिकेशन दाखवा, म्हणजे त्याच्या कामात खंड पडणार नाही. मला हा समज मुळातच चुकीचा वाटतो. कुठे काय दाखवायचं हे माणूस किती तरबेज आहे यावरून ठरवायचंच नसतं. दोनच गोष्टी विचारायच्या. आत्ता माणसाकडून उत्तर हवंय का? आणि हा निरोप त्याच्या नजरेतून सुटला तर काही नुकसान होईल का? उत्तर हवं असेल आणि त्याशिवाय पुढचं काम अडणार असेल, तरच डायलॉग. बाकी सगळं नोटिफिकेशन. मात्र सुटला तर नुकसान करणारा निरोप असेल, तर तो आपोआप नाहीसा होता कामा नये.

डायलॉगचा खरा धोका टायपिंग करताना कळतो. समजा एखादी बाई मराठीत अर्ज टाइप करते आहे. फोनेटिक पद्धतीने लिहिताना प्रत्येक शब्द पक्का करायला स्पेसबार दाबावा लागतो आणि नजर बहुतेक वेळ कीबोर्डवर असते. तेवढ्यात त्याच प्रोग्रॅमने मधोमध प्रश्न विचारला: ‘जुनी प्रत काढून टाकायची का?’ बोट आधीच स्पेसबारकडे निघालेलं असतं. ज्या बटणावर फोकस असतो, म्हणजे जे त्या क्षणी निवडलेलं असतं, ते स्पेसने दाबलं जातं, मुख्य बटण एंटरने. डायलॉग क्षणभर चमकला आणि गेला. काय विचारलं होतं, आपण काय उत्तर दिलं, तिला काहीच ठाऊक नाही. इथे ती नवखी आहे की वीस वर्षांची टायपिस्ट, याने फरक पडत नाही. उलट भरभर टाइप करणाऱ्याला हा धोका जास्त.

फायरफॉक्स या ब्राउझरमध्ये डाउनलोडची खिडकी उघडली की ‘ओके’ बटण सुमारे एक सेकंद फिकट राहतं. अनेक जाणकारांना तो उशीर वाटतो आणि ते चिडतात. पण तो मुद्दाम ठेवलेला आहे, कारण दुसरीकडे दाबली जाणारी कळ किंवा होणारा क्लिक नेमका परवानगीच्या बटणावर पडू नये. कारण न सांगता घेतलेली अशी काळजी मला फार मोलाची वाटते.

नोटिफिकेशन आणि डायलॉग यांच्यातली रेषा सगळ्यात ठळकपणे आखली गेली ती उबुंटू या लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टिममध्ये. एप्रिल २००९ मध्ये आलेल्या ९.०४ आवृत्तीत ‘नोटिफाय ओएसडी’ नावाची नवी सोय होती. त्यातल्या काळ्या चौकोनावर एकही बटण नव्हतं, बंद करायची फुलीसुद्धा नाही. माउस जवळ नेला की चौकोन आरपार दिसण्याइतका विरळ व्हायचा आणि क्लिक त्याच्या खालच्या खिडकीला लागायचा. म्हणजे नोटिफिकेशन आहे म्हणून कामात अडथळा, ही शक्यताच काढून टाकली होती. बटणं चालतात का हे न विचारता एखाद्या ॲपने नोटिफिकेशनवर ती मागितलीच, तर तो निरोप साध्या डायलॉगच्या रूपात दाखवला जायचा. आलेल्या चॅट आणि मेलसाठी वरच्या पट्टीवर वेगळं चिन्ह होतं, ते टिकून राहायचं.

तत्त्व म्हणून हे मला आजही पटतं. जाणकार मात्र रागावले, आणि त्यांचंही खरं होतं. टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, नोटिफिकेशन पाठवायची ‘नोटिफाय-सेंड’ ही कमांड आहे, तिच्यात किती वेळ दाखवायचं हे सांगता येतं. नोटिफाय ओएसडी ती वेळ सरळ दुर्लक्षून टाकायची. आपल्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे अशा आज्ञा ओळीने लिहिलेल्या फाइलमध्ये, दोन सेकंद लिहावेत आणि चौकोन आपल्याच मर्जीने राहावा, हे ज्याने स्क्रिप्ट लिहिली त्याला कसं रुचेल?

त्याच आवृत्तीत आणखी एक बदल झाला. अपडेट आल्याची खूण पट्टीवर दाखवण्याऐवजी अपडेटची अख्खी खिडकीच इतर खिडक्यांच्या मागे आपोआप उघडू लागली. ती ना धड नोटिफिकेशन, ना धड डायलॉग. अपडेटचं उत्तर हवं असतं, पण आत्ता नको असतं. अशा निरोपाला शांतपणे टिकून राहणारी जागा लागते. न मागता उघडणारी खिडकी हा त्यावरचा उपाय नव्हे.

आता नोटिफिकेशनची बाजू. रोजच्या वापरातल्या माणसाला ते सगळ्यात जास्त छळतं ते नाहीसं होऊन. विंडोजमध्ये मुळात पाच सेकंद मिळतात. चष्मा शोधून, मान वळवून, बारीक अक्षरं वाचायला ती पुरत नाहीत, आणि मजकूर इंग्रजीत असेल तर मुळीच नाहीत. मग माणूस विचारतो, ‘काहीतरी आलं होतं, काय होतं ते?’ विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात व्हिज्युअल इफेक्ट्स, इथे ही वेळ पाच मिनिटांपर्यंत वाढवता येते. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या संगणकावर निदान पंधरा किंवा तीस सेकंद करून द्याच. मॅकवर हाच निर्णय ॲपगणिक घेता येतो (नावं आवृत्तीनुसार वेगळी असू शकतात): ‘बॅनर’ थोड्या वेळाने जातो, ‘अलर्ट’ आपण घालवेपर्यंत राहतो. कॅलेंडरला अलर्ट द्यावा, गाण्यांच्या ॲपला बॅनरही नको.

लिनक्सच्या जगात फ्रीडेस्कटॉप या, वेगवेगळ्या डेस्कटॉपसाठी सामाईक नियम ठरवणाऱ्या प्रकल्पाच्या नियमावलीत निकडीच्या तीन पायऱ्या आहेत: कमी, साधारण आणि गंभीर. गंभीर निरोप आपोआप नाहीसा होऊ नये, असं त्यात म्हटलं आहे. या एका वाक्यात नवखा आणि जाणकार दोघांचीही सोय आहे. बॅकअप पूर्ण झाला: कमी. बॅकअप फसला: गंभीर. नवख्याला काही शिकावं लागत नाही, फक्त वाईट बातमी त्याच्यासाठी थांबून राहते. जाणकार याच पायऱ्यांवर आपले नियम बसवतो: कमी असेल तर दाखवूच नको, गंभीर असेल तर ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू असतानाही दाखव. अट एवढीच की ॲप बनवणाऱ्याने पायरी प्रामाणिकपणे निवडावी. सवलतीची जाहिरात ‘गंभीर’ म्हणून पाठवणं मला सरळ फसवणूक वाटते.

फसवणुकीचा विषय निघालाच आहे, तर ब्राउझरमध्ये डायलॉग आणि नोटिफिकेशन यांची साखळी कशी लागते तेही पाहायला हवं. आधी साइट नोटिफिकेशन पाठवायची परवानगी विचारते. वाटेतली अडचण समजून माणूस ‘अलाऊ’ दाबतो. त्यानंतर कधीही, ती साइट उघडी नसतानासुद्धा, कोपऱ्यात चौकोन येतो: ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडला’. तो दिसतो अगदी विंडोजच्या स्वतःच्या नोटिफिकेशनसारखा, कारण त्याच जागी, त्याच साच्यात येतो. फरक फक्त खालच्या बारीक अक्षरांत, जिथे ब्राउझरचं आणि साइटचं नाव असतं. जाणकाराची नजर आधी तिथे जाते. बाकीच्यांना तिथे पाहायचं असतं हे कोणी सांगितलेलंच नसतं.

जानेवारी २०२० मध्ये फायरफॉक्स ७२ ने माणसाने पानावर काही केल्याशिवाय ही परवानगी विचारणं बंद केलं. पुढच्याच महिन्यात क्रोम ८० ने प्रश्न शांतपणे बाजूला दाखवायची सोय आणली. दोन्ही बदल चांगले, पण आधी दिलेल्या परवानग्यांना त्यांनी हात लावला नाही. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं गेलं की परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसते. ओळखीच्या नसतील त्या तिथूनच काढता येतात. आणि नोटिफिकेशनच्या साच्यात पाठवणाऱ्याचं नाव मजकुराच्या वर, मजकुराएवढ्याच अक्षरात यायला हवं. त्याने जाणकाराचं काहीच अडणार नाही.