मोठी मोटारसायकल (कोकण)

साधारण ३५० ते ६५० सीसी इंजिनाची, सरळ बैठकीची, अंगावर प्लॅस्टिकचे कवच नसलेली आणि पावणेदोनशे ते सव्वादोनशे किलो वजनाची दुचाकी. हँडल फार खाली नाही की फार वर नाही, पाय गुडघ्याच्या खाली, मागे एक माणूस आणि थोडे सामान मावेल अशी सीट. रोजच्या कामाला आणि लांबच्या प्रवासाला एकच गाडी वापरायची, ही तिची मूळ कल्पना. कोकणात या सगळ्या वर्गाला सरसकट ‘बुलेट’ म्हणतात, टाकीवर नाव कोणतेही असो. म्हातारी माणसे अजून ‘फटफटी’ म्हणतात. रेवसपासून रेडीपर्यंतच्या किनाऱ्यावर अशी गाडी बाळगणे देशावर बाळगण्यापेक्षा वेगळे पडते. कारण एकच, खारी हवा. घाट, पाऊस आणि खाड्या यांचा नंबर त्यानंतर लागतो.

पूर्वपीठिका

इंग्लंडमधल्या रेडिच गावची रॉयल एनफिल्ड भारतात रुजली ती १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया ही कंपनी उभी राहिल्यावर. सैन्याला सीमेवरच्या गस्तीसाठी ३५० सीसीची बुलेट हवी होती, त्या मागणीतून हा कारखाना आला. रेडिचचा कारखाना पुढे बंद पडला, मद्रासचा चालू राहिला. १९९४ मध्ये तो आयशर समूहाकडे गेला. मधल्या काळात म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीच्या जावा आणि येझदी होत्या. १९८० च्या दशकात राजदूत ३५० येऊन गेली. मात्र तिची पेट्रोलची तहान गावाकडच्या खिशाला परवडणारी नव्हती.

जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला असे. ती सुरू करणे हा छोटा विधीच. डीकॉम्प्रेसरची (इंजिनातला दाब सोडणारी) लिव्हर दाबून, अँपिअरचा (वीजप्रवाहाच्या मीटरचा) काटा मधोमध आणून मगच किक मारायची. हे न जुळल्यास किक उलटी बसे आणि नडगी सुजे. दुसऱ्या गाडीवर शिकलेला माणूस हिच्यावर बसला की घाबरून गिअरलाच ब्रेक समजे, त्यामुळे बुलेट सहसा उसनी दिली जात नसे. २००९ नंतर इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेली, डाव्या गिअरची, सेल्फची क्लासिक आली आणि ही अडचण संपली. २०१८ च्या अखेरीस आलेल्या इंटरसेप्टर ६५० ने दोन सिलिंडरची, ४७ अश्वशक्तीची गाडी आवाक्यात आणली. पुढे होंडाची सीबी ३५०, नव्याने आलेली जावा-येझदी, चाकणला बजाज बनवते ती ट्रायम्फ स्पीड ४०० अशी गर्दी झाली.

३५० हा आकडा आता करातही महत्त्वाचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के आणि त्यावरच्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. ३४९ सीसीच्या गाड्यांचे पारडे त्यामुळे आणखी जड झाले.

खारी हवा आणि गंज

किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांमधून मिठाचे सूक्ष्म थेंब हवेत उडतात आणि वाऱ्याबरोबर आत येतात. किनाऱ्यापासून पहिल्या काही शे मीटरांत त्यांचा मारा सगळ्यांत जास्त. धातूवर बसलेले मीठ हवेतला ओलावा ओढून घेते आणि त्या ओलाव्यातले क्लोराइड संरक्षक थर फोडते. क्रोमला बारीक छिद्रे असतात. त्यांतून मीठ खालच्या लोखंडापर्यंत पोचले की सायलेन्सरवर, हेडलाइटच्या कड्यावर आणि रिमवर आधी तांबूस ठिपके येतात, मग पापुद्रे सुटतात. स्पोकच्या निपलवर पांढरी भुकटी दिसू लागली की समजावे, काम आतून सुरू झाले आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या भागात लोखंडी बोल्ट असेल तर दोन धातू आणि खारे पाणी मिळून छोटी बॅटरीच तयार होते. चार वर्षांनी तो बोल्ट पान्याने निघत नाही, डोके तुटून हातात येते.

गंजाचा दोष नवशिके पावसाला देतात. उलट उघड्या भागावरचे मीठ पाऊस धुऊन नेतो. गंजतो तो जिथे पाऊस पोचत नाही तो भाग: मडगार्डची आतली बाजू, सीटखालची पत्रा-पट्टी, टाकीची खालची शिवण, मधल्या स्टँडची स्प्रिंग. म्हणून विहिरीच्या गोड्या पाण्याने गाडी धुताना वरून चकचकीत करण्यापेक्षा खालून पाणी मारणे जास्त कामाचे. धुतल्यावर पाच-दहा किलोमीटर फिरवून आणणे हा वाळवण्याचा उत्तम उपाय. फडक्याने पुसल्याने सांध्यांतले पाणी जात नाही.

गाडीवर प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट बांधणे ही सर्रास होणारी चूक. आत कोंडलेल्या दमटपणात गाडी उकडली जाते. पडवीत किंवा मांगरात वारा खेळेल अशी उभी करून वर जुनी गोधडी टाकलेली बरी. माडाखाली मात्र कधीच लावू नये. नारळाला टाकी आणि टक्कल यांतला फरक कळत नाही.

वायरिंगचा शत्रूही मीठच. कनेक्टरमधले तांबे हिरवे पडते आणि दिवा लागतो-जातो. कनेक्टर उघडून डायइलेक्ट्रिक (वीज न वाहून नेणारे) ग्रीस भरून ठेवणे हा शंभर-दीडशे रुपयांत होणारा उपाय आहे. कोकणातल्या गाडीवर करायचा पहिला फेरबदल कोणता असे कोणी विचारले, तर खरे उत्तर हेच, फक्त ते कोणाला आवडत नाही. दुसरे उत्तर म्हणजे बाहेरचे बोल्ट स्टेनलेस स्टीलचे करणे, तेही आट्यांना ग्रीस लावून.

मासळीचा व्यवसाय असलेल्या घरात आणखी एक काळजी लागते. मागे बांधलेल्या पेटीतून गळणारे बर्फाचे खारे पाणी थेट चेन आणि स्विंगआर्मवर (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावर) पडते. पेटीखाली रबरी चटई आणि पाणी बाजूला नेणारी नळी एवढ्यावर हे भागते.

बंद घरातली गाडी

कोकणात बऱ्याच मोठ्या गाड्या चाकरमान्यांच्या आहेत. माणूस मुंबईत, गाडी गावी. गणपती, शिमगा आणि मे महिना एवढाच तिचा वापर. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर बिघडते आणि तिचे दुखणे टाकीपासून सुरू होते. अर्धी रिकामी टाकी आतून घामेजते. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी शोषते. पाण्याचे प्रमाण फार वाढले की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसते, म्हणजे नेमके जिथून इंजिन पेट्रोल ओढते तिथेच. म्हणून गावाहून परतताना टाकी काठोकाठ भरून ठेवावी. कार्बोरेटरची जुनी गाडी असेल तर तोटी बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे कार्बोरेटर रिकामा राहतो. बॅटरीची वायर सोडावी, गाडी मधल्या स्टँडवर फळी टाकून उभी करावी. सायलेन्सरच्या तोंडात तेल लावलेले फडके कोंबावे आणि ते कोंबले आहे याची चिठ्ठी चावीला बांधावी. चिठ्ठीचे हसू येते ते ज्याने फडक्यासकट गाडी सुरू करायचा प्रयत्न केला नाही त्याला.

उंदीर एअर फिल्टरच्या डब्यात घर करतात आणि वायरी कुरतडतात. कुंभारीण माशी टाकीच्या निचऱ्याच्या नळीत मातीचे घरटे बांधते. मग झाकणाभोवतीचे पावसाचे पाणी बाहेर जाण्याऐवजी टाकीत उतरते. गणपतीला आलेला माणूस दोन दिवस गॅरेजात घालवतो आणि मेस्त्रीला शेवटी सापडते ती बोटभर नळीतली मातीची गोळी. शेजारच्या पोराला आठवड्यातून एकदा गाडी फिरवायला सांगणे सगळ्यांत स्वस्त, फक्त पोरगा कोणता हे पाहावे.

फेरबदल

हौसेला मोल नाही हे या बाजारात पक्के ठाऊक आहे. लेगगार्ड, विंडशील्ड, पाठीला टेका, टूरिंग सीट, हँडल उंच करणारे रायझर, खोगिरासारख्या बॅगा आणि त्यांचा सांगाडा, इंजिनाखालची जाड पट्टी, जादा दिवे, मोबाइलचा चार्जर: यादी लांब आहे. यातल्या बऱ्याच वस्तू काळ्या पावडर-कोटच्या लोखंडी नळीच्या असतात. देशावर त्या दहा वर्षे टिकतात. इथे पहिला ओरखडा पडला की त्या जागेतून गंज कोटाखाली पसरतो. १९५ किलोच्या क्लासिकवर २० किलोचा साज चढवणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

खरोखर उपयोगी पडणारे फेरबदल थोडे आहेत. सीट हा त्यातला पहिला. मुंबई ते सावंतवाडी हे अंतर सुमारे ५०० किलोमीटर आहे आणि कारखान्याची सीट दोनशेनंतर बोलू लागते. पुढच्या मडगार्डला लांब रबरी फ्लॅप लावल्यास जांभ्याचा तांबडा चिखल इंजिनाच्या पंखांत बसत नाही. बसला तर तो विटेसारखा सुकतो आणि हवेने थंड होणारे इंजिन तापते. शोभेच्या छोट्या आरशांपेक्षा मोठे साधे आरसे घाटात कामाचे. दिव्यांच्या बाबतीत पांढऱ्याशुभ्र एलईडीच्या मागे लागणाऱ्यांनी आंबोलीच्या धुक्यात एकदा जाऊन यावे. समोर पांढरी भिंत उभी राहते. खाली बसवलेला, रुंद फेकीचा पिवळा दिवा तिथे बरा.

पुढचे स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक) एक दात मोठे करून महामार्गावर इंजिन सावकाश फिरवायची युक्ती जुनी आहे. सपाटीवर ती खरी. पण ज्याचा रोजचा रस्ता कुंभार्लीतून किंवा फोंडा घाटातून जातो, त्याने ती करू नये, नाहीतर प्रत्येक वळणावर क्लच जळतो.

चाकांचा प्रश्न वादाचा आहे. स्पोकच्या चाकात बहुधा ट्यूब असते. पंक्चर झाले की चाक काढावे लागते आणि आडगावात संध्याकाळी सातनंतर पंक्चरवाला मिळत नाही. अ‍ॅलॉय चाकात ट्यूबलेस टायर बसतो, गंजाला जागा कमी आणि पंक्चर रस्त्यातच दहा मिनिटांत निघते. स्पोकचे देखणेपण मान्य करूनही, किनाऱ्यावर राहणाऱ्याने अ‍ॅलॉयच घ्यावे. मात्र ते कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेले असावे.

चेन कोरड्यात सुमारे ५०० किलोमीटरला साफ करून तेल लावायची असते. जून ते सप्टेंबर त्याच्या निम्म्यात. बरेच मेस्त्री अजून ‘नव्वद नंबर’ म्हणजे गिअरचे घट्ट तेल ब्रशने लावतात. ते अंगावर उडते, पण पावसात टिकते.

साडीगार्ड ही गोष्ट तरुण मालक आधी काढून टाकतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्मे चाक झाकणारे संरक्षण, हाताला धरायला दांडी आणि पाय ठेवायला जागा सक्तीची आहे. गणपतीच्या दिवसांत आई किंवा काकू एका बाजूला पाय सोडून बसली की हा नियम कोणी का केला ते कळते.

आवाज आणि कायदा

बुलेटची धडधड ही तिची ओळख, आणि ती वाढवण्याचा मोह हा या वर्गाचा रोग आहे. ‘इंदोरी’ किंवा ‘पंजाबी’ नावाने विकले जाणारे सायलेन्सर आतून जवळजवळ पोकळ असतात. काहींत मुद्दाम फटाके फोडण्याची सोय केलेली असते. १७५ सीसीवरच्या मोटारसायकलला आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे. ती ओलांडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर काढून रोडरोलरखाली चिरडले आहेत. कौलारू घरांच्या अरुंद आळीतून रात्री अकराला अशी गाडी गेली की वाडीतली सगळी कुत्री आणि सगळी तान्ही मुले एकदम जागी होतात. त्यासाठी डेसिबल मोजायची गरज पडत नाही.

कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातला तपशील मूळ कंपनीच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. रंग बदलायचा तर आरटीओची परवानगी लागते. रायगडची नोंदणी एमएच ०६, सिंधुदुर्गची ०७, रत्नागिरीची ०८. सीट, बॅगा, विंडशील्ड यांवर सहसा कोणी हरकत घेत नाही. विमा कंपनीला मात्र मोठे बदल कळवलेले बरे.

रस्ते, घाट आणि फेरीबोटी

मुंबई-गोवा महामार्ग, आधीचा क्रमांक १७ आणि आताचा ६६, हा वेगाचा रस्ता. कशेडीला बोगदा झाल्यापासून पोलादपूर-खेड टप्पा सोपा झाला. मोठ्या गाडीची मजा मात्र किनाऱ्याच्या रस्त्याला आहे आणि तो खाड्यांनी तोडलेला आहे. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटी (स्थानिक बोलीत जंगलजेटी) तो जोडतात. मार्च २०२० पासून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंत रो-रो (वाहने चढवून नेणारी) बोटही आहे.

फेरीबोटीवर मोठ्या गाडीची परीक्षा होते. भरती-ओहोटीप्रमाणे उताराचा कोन बदलतो, काँक्रीटवर शेवाळ असते आणि लोखंडी फळी ओली असते. दोनशे किलोची गाडी तिथे निसटली तर एकट्याने सावरत नाही. मागच्या माणसाला आधी उतरवावे, पहिला गिअर टाकावा, पुढच्या ब्रेकला हात लावू नये. बोटीत गाडी गिअरमध्येच उभी करून जवळ थांबावे. चहाच्या नादात कठड्याशी गेलेल्या मालकांच्या गाड्या शेजारच्या स्कूटरवर रेलतात.

पावसाळ्यात किनाऱ्यावर २५०० ते ३५०० मिलिमीटर पाऊस पडतो, आंबोलीत त्याच्या दुप्पट. पहिल्या सरींत रस्त्यावरचे तेल वर येते, नंतर जांभ्याची माती वाहून वळणांवर पसरते. वरंधा घाट या दिवसांत अनेकदा बंद ठेवला जातो. करूळ आणि भुईबावडा घाटांतही दरडी कोसळतात.

पुळणीवर गाडी घालणे हा पर्यटकांचा खेळ. ओल्या वाळूत जड गाडीचे मागचे चाक रुतते आणि भरती वाट पाहत नाही. वेळाससारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात कासवांची घरटी असतात, हे वेगळेच. गाडी बाहेर निघाली तरी बेअरिंगमध्ये शिरलेले समुद्राचे पाणी निघत नाही. त्याची किंमत दोन महिन्यांनी चाक घरघरू लागल्यावर कळते.

इतका प्रवास नको असेल तर गाडी कोकण रेल्वेने पार्सल करता येते. टाकी रिकामी करावी लागते आणि गाडी गोणपाटात नीट बांधावी लागते. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हर, आरसे आधीच काढून बॅगेत घेतलेले बरे. स्टेशनवर उतरल्यावर जवळचा पेट्रोलपंप किती लांब आहे ते विचारून ठेवावे, कारण तोपर्यंत गाडी ढकलायची असते, आणि कोकणातली बहुतेक स्टेशने गावापासून दूर, चढावर किंवा उतारावर आहेत.